मिरजेच्या तंबोऱ्याला मानांकन मिळालं, त्यानंतरचं काम

मार्च 2024 च्या अखेरीस मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. नोंदी दोन झाल्या. सतारीची ‘मिरज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट्स क्लस्टर’च्या नावे आणि तानपुऱ्याची ‘सोलट्यून म्युझिकल इन्स्ट्रुमेंट प्रोड्यूसर फर्म’च्या नावे. अर्ज 2021 मध्ये केले होते. कारण साधं होतं. ज्या वाद्यांनी मिरजेचं तोंडही पाहिलेलं नाही, ती देशभर ‘मिरजेची’ म्हणून विकली जात होती आणि तशा तक्रारी कारागिरांच्या कानावर येत होत्या. मानांकन जाहीर झालं तेव्हा मिरजेत वाद्यनिर्मितीत सुमारे 450 कारागीर असल्याचं कारागिरांच्याच हवाल्यानं छापून आलं. पेढे वाटले गेले, सत्कार झाले, बातम्या आल्या. ते सगळं योग्यच होतं.

मला या प्रकरणात रस आहे तो त्यानंतरच्या प्रश्नात. एका गावाचं नाव कायद्यानं राखलं, म्हणून त्या गावातली कला राखली जाते का? मिरजेपुरतं माझं उत्तर असं, की नाव राखणं गरजेचं होतंच, पण मिरजेचा तंबोरा ज्यामुळे मिरजेचा ठरतो ते कारागिराच्या हातात आणि गावाच्या कानात आहे. नोंदणीच्या कागदात या दोन्हींची सोय नाही. ती वेगळी करावी लागेल.

शस्त्रांच्या धारेपासून तारांपर्यंत

मिरजेत हा धंदा कसा आला याची हकीकत गावात सगळ्यांना ठाऊक असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याची गोष्ट. फरीदसाहेब शिकलगार हे घराण्यानं शस्त्रं करणारे, तलवारींना धार लावणारे. 1818 नंतर मराठ्यांच्या फौजा मोडल्या, संस्थानांकडे शोभेपुरती शिबंदी उरली आणि शिकलगारांच्या हाताला काम राहिलं नाही. दुसरीकडे मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड होती. दरबारात उत्तरेकडचे गवई-बजवय्ये येत आणि त्यांची वाद्यं प्रवासात बिघडत. दुरुस्तीसाठी ती पुन्हा उत्तरेत पाठवायची म्हणजे महिनोन् महिने खोळंबा. ही दुरुस्ती फरीदसाहेबांनी हातात घेतली, मग हळूहळू नवं वाद्य घडवायला घेतलं. लोखंडावर अचूक कानस चालवणारा हात लाकडावर आणि हाडावर चालू लागला. पुढे घराण्याचं आडनावच सतारमेकर झालं आणि त्यांची वस्ती असलेली गल्ली सतारमेकर गल्ली म्हणून ओळखली जाऊ लागली.

यात संस्थानिकांची आवड जेवढी कामाला आली, तेवढाच भूगोलही आला. तंबोऱ्याला लागणारा मोठा कडू भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूला भीमेच्या काठी पिकतो. लाकूड कर्नाटकातून येतं. मिरज दोन्हींच्या मधे पडते. पुढे रेल्वेचं जंक्शन झाल्यावर पुणे-मुंबईचे आणि धारवाड-हुबळीचे गवई एकाच फलाटावर उतरू लागले. वाद्य करणारा, वाद्याचा माल आणि वाद्य घेणारा असे तिघं एका दिवसाच्या वाटेवर आले. हा योग दुसरीकडे सहज जुळला नाही.

एक तंबोरा होताना

मिरजेच्या तंबोऱ्यात वेगळं काय, असं विचारणाऱ्याला मी आधी भोपळा बघायला सांगतो. हा भाजीचा भोपळा नव्हे. चवीला कडू, म्हणून गुरंही त्याला तोंड लावत नाहीत. शेतकरी तो वेलावर पूर्ण वाळू देतो. फळ जमिनीवर कसं टेकलंय यावर त्याचा आकार ठरतो. एका अंगावर पडून वाढला तर तो चपटा होतो आणि मग वाद्याच्या कामाचा राहत नाही. म्हणून वेळोवेळी फळ सरळ बसवून ठेवावं लागतं. कारागीर माल घ्यायला जातो तेव्हा घेर मोजतो, पण त्याहून जास्त वेळ बोटानं टिचकी मारून ऐकण्यात घालवतो. सालीची जाडी सगळीकडे सारखी हवी. पातळ जागी पुढे तडा जाण्याची भीती असते आणि फार जाड जागी आवाज अडतो. पुरुष गायकांच्या ‘काळी एक-दोन’च्या (पेटीच्या काळ्या पट्टीवरून ठरणाऱ्या खालच्या सुराच्या) तंबोऱ्याला मोठ्या घेराचा भोपळा लागतो, गायिकांच्या ‘काळी चार-पाच’च्या, वरच्या सुराच्या तंबोऱ्याला लहान चालतो. मोठे, निर्दोष भोपळे मुळातच कमी निघतात आणि जे निघतात ते माळ्यावर वाळवून, जपून ठेवलेले असतात.

कारखान्यात आल्यावर भोपळ्याचं तोंड कापतात, आतला वाळका गर आणि बिया काढून टाकतात. मग तो पाण्यात भिजवून मऊ करतात आणि आतून काड्यांचा ताण देऊन तोंड हवं तेवढं रुंद करून वाळवतात. त्याला तून लाकडाचा गळा जोडतात, गळ्याला पोकळ दांडी जोडतात, सांध्यावर कोरीव पान बसवतात. समोर येते ती तबली, म्हणजे जिच्यावर घोडी (तारा टेकतात ती पट्टी) बसते ती लाकडी फळी. तबलीला किंचित फुगवटा असतो. ती किती तासायची याचं माप कुठे लिहिलेलं नाही. कारागीर तासतो, टिचकी मारतो, कान लावतो, पुन्हा तासतो. एक पापुद्रा जास्त निघाला तर तारांच्या ताणानं तबली बसते, कमी निघाला तर वाद्य मुकं राहतं. नंतर नक्षी, पट्ट्या, रंग, लाखेचं पॉलिश, खुंट्या. पूर्वी नक्षीला हस्तिदंत असायचा, घोडीला सांबरशिंग. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर ते दिवस गेले. आता हाड, शिसवी किंवा कृत्रिम पदार्थ वापरतात. जुने गवई अजून शिंगाच्या घोडीची आठवण काढतात. पण हे बदल सोसून कला टिकली आहे, तेव्हा त्यावर फार रडण्यात अर्थ नाही.

एवढं सगळं होऊनही तंबोरा अजून तंबोरा झालेला नसतो. शेवटी येते ती जवारी.

घोडीचा वरचा पृष्ठभाग दिसायला सपाट वाटतो, पण त्याला अगदी पुसटसा उतार असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर घासत, निसटत जाते आणि त्यातून तंबोऱ्याचा तो भरलेला झंकार तयार होतो. जवारी काढणारा कारागीर तार सैल करून बाजूला घेतो, कानशीचे दोन-तीन हलके हात मारतो, काचपेपर फिरवतो, भुकटी फुंकतो, तार पुन्हा चढवून छेडतो. पुन्हा उतरवतो. चारही तारांची जवारी वेगवेगळी पाहावी लागते, आणि तरी चारही तारा एका आवाजाच्या वाटल्या पाहिजेत. मग सुती धाग्याचा तुकडा तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकवायचा आणि केसाएवढा पुढे-मागे करत राहायचं. एका जागी आवाज बंद, खुडखुडीत. तिथून किंचित पुढे गेलं की एकदम उघडतो. खर्जाची तार नीट लागली असेल, तर तिच्यातून न छेडलेला गंधार ऐकू येतो. तो गंधार ऐकू येईपर्यंत कारागीर थांबत नाही. शिकाऊ पोराला लाकूडकाम दोन-तीन वर्षांत येतं. जवारीला त्याच्या कितीतरी पट जास्त काळ लागतो, आणि काहींना ती कधीच येत नाही.

ही प्रक्रिया इतकी सविस्तर सांगितली, कारण मानांकनाचा अर्ज करताना वाद्याचं वर्णन, लाकूड, भोपळा, पद्धत, गावाचा इतिहास हे सगळं कागदावर मांडता येतं. जवारीचा कान मांडता येत नाही. आणि गिऱ्हाईक पैसे मोजतं ते त्यासाठीच.

दुखणं काय होतं

पहिलं दुखणं नावाचं. मिरजेची वाद्यं पिढ्यान् पिढ्या मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि परदेशातल्या दुकानांतून विकली गेली. घाऊक घेणारा दुकानदार वाद्यावर आपल्या दुकानाची चिठ्ठी लावतो. वाजवणाऱ्याला दुकानाचं नाव माहीत होतं, करणाऱ्याचं नाही. उलट बाजूनं, दुसरीकडे झालेल्या स्वस्त वाद्यावर मिरजेचं नाव लावून विकण्याचाही फायदा घेतला गेला. म्हणजे जिथे मिरज होती तिथे नाव नव्हतं आणि जिथे नाव होतं तिथे मिरज नव्हती. मानांकनाची मागणी इथून उभी राहिली आणि ती अगदी रास्त होती.

दुसरं दुखणं इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याचं. सत्तरच्या दशकापासून बंगळुरूत अशी स्वरयंत्रं तयार होऊ लागली. पुढे ती घरोघर गेली आणि आता मोबाइलमध्ये फुकटात मिळतात. या यंत्रांवर सरसकट टीका करणाऱ्यांशी मी सहमत नाही. दोन खोल्यांच्या घरात राहणारी मुलगी पहाटे रियाजाला बसते, तेव्हा तिला सुरात लावलेला तंबोरा कोण छेडून देणार? यंत्रानं हजारो लोकांना रियाज मिळवून दिला. पण रियाजातून तंबोरा उठला, तसा तो क्लासमधून उठला, मग छोट्या मैफलींतूनही उठू लागला. कारागिराची खरी मिळकत नुसत्या नव्या वाद्यातून होत नसे. तारा बदलणं, जवारी काढणं, तडा बुजवणं, खुंट्या बसवणं, अशी गावोगावच्या वापरातल्या वाद्यांची देखभाल हाच रोजच्या भाकरीचा आधार. वाद्य कोपऱ्यात खोळ घालून उभं राहिलं की ही देखभाल थांबते.

तिसरं, पोरं. सतारमेकरांच्या घरातला मुलगा शिकला की त्याला महिन्याच्या महिन्याला पगार हवा असतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. तंबोऱ्याचे पैसे वाद्य विकल्यावर येतात. त्याआधी लाकूड घेऊन मुरवत ठेवायचं, भोपळे हंगामात घेऊन माळ्यावर रचायचे. भांडवल अडकून पडतं. कोविडच्या काळात मैफली, क्लास, निर्यात सगळंच बंद पडलं तेव्हा अडकलेल्या भांडवलाचा अर्थ कारागिरांना चांगलाच कळला. त्या काळात काहींनी दुसरी कामं धरली. धरलेलं काम सोडून परत कानशीकडे येणं सगळ्यांना जमत नाही.

आणि भोपळा. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये मानांकन मिळालं. त्याच मातीतल्या ज्या भोपळ्यावर हिंदुस्थानी संगीताचा षड्ज उभा आहे, त्याकडे शेतीचं पीक म्हणून फारसं कुणी पाहिलेलं नाही. भीमेच्या पट्ट्यात ऊस आला, कारखाने आले. हातात ठरलेला भाव देणाऱ्या पिकापुढे आठ-दहा महिने जागा अडवणारा, गिऱ्हाईक मोजकंच असलेला कडू भोपळा शेतकऱ्यानं का लावावा? जे लावतात ते जुन्या ओळखीवर, शब्दावर लावतात. हा शब्द कधीतरी तुटेल, अशी धास्ती कारागिरांच्या बोलण्यात असते.

मानांकनानं काय मिळतं

भौगोलिक निर्देशनाचा, म्हणजे या मानांकनाचा, कायदा 1999 चा, अंमल 15 सप्टेंबर 2003 पासून. नोंदणीचं कार्यालय चेन्नईला. नोंदणीची मुदत दहा वर्षं, नंतर नूतनीकरण. खोटं मानांकन लावणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंडाची तरतूद. वाद्यांमध्ये तंजावरच्या वीणेला आणि आंध्रातल्या बोब्बिलीच्या वीणेला मिरजेच्या आधी मानांकन मिळालं आहे.

पण या कायद्यातली एक गोष्ट सर्वसाधारण चर्चेत सुटून जाते. नोंदणी झालेली संस्था ही मालक ठरते. प्रत्यक्ष वाद्य करणाऱ्या कारागिराला ते नाव अधिकृतपणे वापरायचं, तर त्याला ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून स्वतंत्र नोंद करावी लागते. गल्लीत राहतो, पिढ्यान् पिढ्या हेच करतो, म्हणून ती आपोआप होत नाही. अर्ज, कागदपत्रं, पाठपुरावा हे सगळं करावं लागतं. ज्याचा स्वतःचा कारखाना, जीएसटीची सवय, ईमेल आहे, तो हे करून घेतो. जो दुसऱ्याच्या कारखान्यात नगावर दांड्या तासतो किंवा घरी बसून पॉलिश करतो, त्याच्यापर्यंत हे पोचत नाही. मानांकनाचा फायदा वाद्याच्या किमतीत उतरला, तरी तो नगावरच्या मजुरीत उतरेलच असं कायदा सांगत नाही.

शेजारचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये मानांकन मिळालं. महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आहेत आणि महाराष्ट्रातल्या चारांत मिरजेचा सांगली जिल्हाही आहे. जून 2025 मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या, तेव्हा केवढा गदारोळ झाला. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि याचिका फेटाळली गेली. दाद मागण्याचा अधिकार मानांकनाच्या नोंदणीकृत मालकाचा, याचिका करणाऱ्या वकिलांचा नाही, हे त्यामागचं एक मुख्य कारण होतं. कोल्हापुरीचे नोंदणीकृत मालक म्हणजे दोन राज्यांची चर्मोद्योग महामंडळं. मिरजेची गोष्ट याहून बरी आहे, कारण इथे मालकी कारागिरांच्याच गटांकडे आहे. पण म्हणूनच जबाबदारीही त्यांच्यावर येते. उद्या एखाद्या संकेतस्थळावर ‘मिरज तानपुरा’ म्हणून भलतंच वाद्य विकलं गेलं, तर नोटीस पाठवायची कुणी, वकिलाची फी भरायची कुणी, हे आजच ठरलेलं असायला हवं. हा खर्च कारागिरांच्या छोट्या गटाला परवडणारा नाही. राज्य सरकारनं त्यासाठी कायमची तरतूद केली पाहिजे, एकदाच दिलेला निधी पुरणार नाही.

ऐकणारं गाव

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी बाब.

मिरजेत कारागिराचा कान कुठे तयार झाला? कारखान्यात झाला, तेवढाच दर्ग्याच्या आवारात झाला. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्याशी उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचं नातं फार जुनं. 1872 साली उत्तरेत कैराना इथे जन्मलेला हा गवई मिरजेत स्थिरावला. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर 1905 मध्ये मिरजेतच जन्मल्या. सवाई गंधर्वांसारखे शिष्य खाँसाहेबांनी घडवले आणि किराणा घराण्याचं गाणं इथून कर्नाटकापर्यंत पसरलं. खाँसाहेब स्वतः तंबोरा लावण्याबाबत अतिशय काटेकोर होते. वाद्याची दुरुस्ती त्यांना स्वतःला येत होती आणि मिरजेच्या कारागिरांत त्यांचं उठणं-बसणं होतं. सुराच्या बाबतीत इतका चोखंदळ माणूस रोज चार पावलांवर असला, की गल्लीतल्या कारागिराला ढिसाळ जवारी खपवता येत नाही. 27 ऑक्टोबर 1937 रोजी दक्षिणेत प्रवासात असताना सिंगपेरुमाळकोईल स्थानकावर त्यांचं निधन झालं. देह मिरजेला आणून दर्ग्याच्या परिसरात दफन केला. तेव्हापासून उरुसाच्या काळात त्यांच्या स्मरणार्थ गाण्याची सभा होते. देशभरातले कलावंत तिथे येऊन हजेरी लावतात. ऐकायला कारागीर असतात, भाजीवाले असतात, उरुसाला आलेले खेडोपाडीचे लोक असतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव होतो. तिथलेही बरेच श्रोते हेच असतात.

पलुस्करांची गोष्टही इथलीच. विष्णू दिगंबर लहानपणी दारूकामाच्या अपघातात दृष्टी अधू झाल्यावर उपचारांसाठी मिरजेत आले आणि बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. 1896 मध्ये ते मिरज सोडून बाहेर पडले आणि 1901 मध्ये लाहोरला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढलं. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं कार्यालय मिरजेत आहे. देशभर संगीताच्या परीक्षा देणाऱ्या मुलामुलींच्या उत्तरपत्रिका आणि प्रमाणपत्रं ज्या संस्थेकडून जातात, ती या कारागिरांच्याच गावातली.

गाणं ऐकणं आणि वाद्य घडवणं या दोन गोष्टी एकमेकींपासून तोडून पाहता येत नाहीत. जिथे रात्रभर बसून गाणं ऐकणारे लोक आहेत, तिथेच कारागिराला आपलं काम कसं उतरलं हे कळतं. महोत्सवात मंचावर लागलेला तंबोरा कुणाच्या हातचा, हे पहिल्या रांगेतल्या माणसाला माहीत असतं आणि त्यावर दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर चर्चा होते. ही चर्चा म्हणजे त्या धंद्यातली गुणवत्तेची तपासणी आहे. मानांकनाच्या नियमात तपासणीची व्यवस्था असावी लागते, आणि ती असावीच. पण अशी फुकटची, रोजची, पिढीजात तपासणी कुठल्याही निरीक्षकाला करता येणार नाही. म्हणून मिरजेतल्या सभा टिकवणं हा वाद्यनिर्मिती टिकवण्याचाच भाग आहे. कारागिरांसाठीची योजना एका खात्याकडे आणि महोत्सवाचं अनुदान दुसऱ्या खात्याकडे, अशी विभागणी चालत आली आहे. ती मला घातक वाटते. महोत्सवाला पैसे कमी पडले की सगळ्यात आधी कात्री लागते ती स्थानिक, तरुण गायकांच्या सत्रांना. म्हणजे ज्यांच्या सोबतीनं पुढची पन्नास वर्षं तंबोरे लागायचे, तेच आधी गळतात.

हिंदू-मुसलमान असा विषय काढल्याशिवाय मिरजेबद्दल बोलता येत नाही, असं बाहेरच्यांना वाटतं. 2009 मध्ये गणेशोत्सवात इथे दंगल झाली, हे खरंच आहे आणि ते गावाला विसरता आलेलं नाही. पण देवळातल्या कीर्तनाला लागणारी वीणा आणि दर्ग्यातल्या सभेला लागणारा तंबोरा एकाच गल्लीतून येतो, हेही तेवढंच खरं आहे. या गल्लीची रोजी दोन्हीकडच्या गाण्यावर चालते. गाव दुभंगलं, तर पहिला घाव इथेच बसतो.

काय करता येईल

पहिलं काम वाद्याच्या अंगावरच करता येईल. प्रत्येक वाद्यात आतल्या बाजूला मानांकनाचं चिन्ह, क्रमांक, वर्ष आणि त्याबरोबर लाकूडकाम कुणाचं, जवारी कुणाची ही नावं. युरोपातले व्हायोलिन करणारे आपल्या नावाची चिठ्ठी आत चिकटवत आले, म्हणून शेकडो वर्षांनंतर त्यांची नावं जगाला माहीत आहेत. मिरजेत जवारी काढणाऱ्या कित्येक उत्तम हातांची नावं त्यांच्याबरोबर गेली. दुकानदारांची याला हरकत असेल, कारण कारागिराचं नाव कळलं की गिऱ्हाईक थेट मिरजेला फोन करतं. ती हरकत मोडून काढण्याची ताकद आता मानांकनानं गटाला दिली आहे. चिन्ह हवं असेल तर नाव ठेवावं लागेल, अशी अट गटानं घातली, तर घाऊक व्यापाऱ्याला ती मानावी लागेल.

दुसरं, जवारीचं शिक्षण. चार दिवसांच्या कार्यशाळेत हे येत नाही. दोन-चार ज्येष्ठ कारागिरांकडे प्रत्येकी एक-दोन मुलं पाच वर्षं राहतील आणि त्या काळात मुलांना दरमहा विद्यावेतन, उस्तादांना मानधन मिळेल, अशी सोय हवी. त्या मुलांनी आठवड्यातून काही तास गाणं शिकलंच पाहिजे. जवारीला लागणारा कान नुसत्या कानशीतून येत नाही.

तिसरं, गांधर्व मंडळाकडे आणि बाकीच्या परीक्षा मंडळांकडे माझी एक मागणी आहे. विशारद आणि अलंकारच्या परीक्षेत विद्यार्थ्यानं स्वतः तंबोरा लावून दाखवावा आणि त्याला ठळक गुण असावेत. आज चांगलं गाणारी मुलंही खुंटीला हात लावायला घाबरतात. परीक्षेसाठी का होईना, केंद्राकेंद्रावर तंबोऱ्यांची जोडी ठेवावी लागली, तर देशभर हजारो वाद्यं पुन्हा वापरात येतील आणि त्यांची देखभालही सुरू होईल. मिरजेच्या गल्लीला याहून मोठी मदत दुसरी कुठली होईल असं मला वाटत नाही, आणि तिला सरकारी निधीही लागत नाही.

भोपळ्यासाठी शेतकऱ्यांबरोबर हंगामाआधी लेखी करार करावेत, थोडी आगाऊ रक्कम द्यावी आणि बियाणं जपावं. मंगळवेढ्याच्या शेतकऱ्याचं नावही वाद्याच्या नोंदीत यायला माझी ना नाही. विमान प्रवासात भोपळा फुटतो, म्हणून बाहेरदेशी राहणारी मराठी मंडळी चपट्या, भोपळा नसलेल्या तंबोऱ्या मागवतात. मिरजेत त्या होतात आणि त्यांना तुच्छ लेखू नये. ज्या घरात मोठी जोडी कधीच गेली नसती, तिथे त्यामुळे तार छेडली जाते.

मानांकनाची मुदत अर्जाच्या तारखेपासून मोजली जाते. म्हणजे 2031 च्या सुमारास नूतनीकरणाची वेळ येईल. त्या वेळी रजिस्टरमधली अधिकृत वापरकर्त्यांची यादी उघडून पाहावी. त्यात चार-सहा मोठ्या कारखानदारांचीच नावं असतील, तर कारागिरांपर्यंत काही पोचलं नाही असं समजायचं. दांडी तासणारे, पॉलिश करणारे, जवारी काढणारे त्या यादीत शेकड्यानं असतील आणि त्यातले काही पंचविशीच्या आतले असतील, तर मिरजेनं हे मानांकन नीट वापरलं असं म्हणता येईल. यादी लांब करण्याचं काम आत्तापासूनच, गल्लीत घरोघर जाऊन, अर्ज भरून देऊन सुरू व्हायला हवं.